खाली चेक किया, ठीक है

११ नोव्हेंबर

स्प्रिंग कसला की झालं काम म्हणे! चार दिवस झाले, आमच्या शेडमधला पाच टनाचा होइस्ट लोड उचलतो, आणि बटन सोडलं की लोड वीतभर खाली सरकतो. ठेकेदाराचा सुशील रोज येतो, ब्रेकचा नट एक पलटी फिरवतो, शिटी वाजवत जातो. आज मी स्वतः कव्हर उघडलं. ब्रेकचे लाइनर तेलानं ओलेगच्च! गिअरबॉक्सचं सील फुटलं आहे, तेल झिरपून ब्रेकवर येते. तेल प्यायलेला ब्रेक कितीही कसा, तो सरकणारच. सील बदललं, नवे लाइनर टाकले. दोन घंटे लागले.

मॅनेजर साहेब घड्याळ पाहत उभे. 'सुशील तो पाँच मिनट में कर देता है, मैडम.' हो ना! म्हणून तर चार दिवसांपासून करून राहिला.

होइस्ट चालवणारा हेमराज तेवढा एक बोलला. अहिवाऱ्याहून येतो तो, आपल्या छत्तीसगढीतच बोलतो. 'अब बने धरत हे दीदी.' आता नीट धरते म्हणे. बाकी कोणाच्या तोंडून एक शब्द नाही. सुशीलनं तर वरून विचारलं, 'सील कहाँ से फूटेगा, मैडम? आपने ही तो नहीं फोड़ दिया?' आणि सगळे हसले. हसा बाप्पा, हसा.

१५ नोव्हेंबर

आज मोटर नुसती घुमून राहिली होती. हुं-हुं-हुं, पण उचलायचं नाव नाही. सुशीलनं लांबूनच निकाल दिला — 'मोटर जल गया.' उतरवायची तयारी बी चालू! मी टेस्टर लावला. तीन फेजपैकी एक गायब. मेन स्विचमधला एक फ्यूज उडालेला. बस्स. तिसऱ्या मिनिटाले होइस्ट चालू. अजून दहा मिनिटं तशीच घुमू दिली असती तर मात्र खरंच जळली असती.

साहेब म्हणाले, 'चलो, लक अच्छा था.' लक! आयटीआयची दोन वर्षं, इथली सहा वर्षं, आणि घरात धोंडबा मेश्रामसारखा बाप, ज्यानं स्टील प्लान्टमध्ये चौतीस वर्षं क्रेनच्या मोटरी उघडल्या. अन् म्हणे लक.

परमनंटचं लेटर पुढच्या महिन्यात. मागच्या दिवाळीतही पुढच्याच महिन्यात होतं.

हेमराजवर आज ओरडली. वर नेताना बटन सोडतच नाही, लिमिट स्विच आपोआप थांबवते तोवर दाबून ठेवतो. 'लिमिट म्हणजे थांबायची जागा नाही रे भाऊ, ते तर चुकलं-माकलं तर जीव वाचवायले आहे.' हसला. 'रोज तो रुकथे दीदी.'

१९ नोव्हेंबर

उद्या बाबाचं डोळ्याचं ऑपरेशन. एका दिवसाच्या सुट्टीसाठी साहेबाले तीनदा हात जोडले. माझ्या पोरीचा, ऐश्वर्याचा, पेपर आहे, ती येऊ शकत नाही.

२१ नोव्हेंबर

लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

काल मी नव्हती तर शेडची मेन केबल जळली. नवी टाकली. जोडताना दोन फेज उलटे लागले, म्हणून होइस्ट उलटा — ऊपरचं बटन दाबलं तर हुक खाली, नीचेचं दाबलं तर वर. हे मले सकाळी गेटवरच कळलं. 'सुशील ने ठीक कर दिया', साहेब म्हणाले. 'आप एक बार देख लो, रजिस्टर में चढ़ा दो, नौ बजे प्लेट उठाना है.'

मी गेली. नीचेचं बटन दाबलं, हुक खाली आला. थांबवला, ब्रेकनं पकडला. पुन्हा खाली, पुन्हा थांबवला. खालचं काम एकदम बरोबर. रजिस्टरात लिहिलं — 'खाली चेक किया, ठीक है.' सही केली. वरचं पाहायचं होतं, लिमिटपर्यंत नेऊन. तितक्यात साहेबाचा फोन, कटिंग मशीन बंद पडली, लाइन उभी आहे, आत्ताच्या आत्ता या. बोलता बोलताच निघाली. मनात म्हटलं, वरचं येऊन पाहते.

वीस मिनिटंही नाही झाली. धाडकन् आवाज! सगळं शेड हाललं. पळत आली तर होइस्टचा हुक वर रोप गुंडाळायच्या ड्रमले जाऊन आदळलेला, वायर रोप तुटलेला, प्लेट खाली. आणि प्लेटखाली शालिकरामचा पाय.

शालिकराम म्हणजे हुक लावणारा. सकाळी त्यानंच मले चहा दिला होता. ओरडत बी नव्हता, नुसता पाहून राहिला होता.

हेमराज बटनाचा डबा हातात घेऊन उभा. 'रुकिस नइ दीदी. रुकिस नइ.' थांबला नाही, एवढंच म्हणत. कावून लोड घेतला रे तू? लिहिलेलं होतं ना मी!

बाबाले सांगितलं. डोळ्यावर पट्टी, पलंगावर पडलेले. सगळं ऐकलं. मग एकच विचारलं — 'पाली, पॅनल उघडला होता का तू?'

नाही उघडला.

२२ नोव्हेंबर

आज उघडला. आणि डोकं फिरलं माझं.

सुशीलनं फेज बदललेच नाहीत! मेनवरच्या दोन तारा अदलाबदल करायच्या, झालं असतं. पण त्यासाठी अख्ख्या शेडची लाइन बंद करावी लागली असती. त्यानं काय केलं — हातातल्या बटनाच्या डब्यात दोन तारा फिरवल्या. ऊपरची नीचे, नीचेची ऊपर. बटनं सरळ दिसायले लागली, सगळे खुश. पण लिमिट स्विच? लिमिट तर 'ऊपर'च्या कॉन्टॅक्टरले, म्हणजे पॅनलमधल्या मोटर चालवणाऱ्या स्विचले, थांबवते. आणि आता हुक वर जात होता तो 'नीचे'च्या कॉन्टॅक्टरवर! म्हणजे वर गेल्यावर लिमिट ओरडून ओरडून ज्याले थांबवत होतं, तो चालूच नव्हता. जो चालू होता, त्याले कोणी थांबवतच नव्हतं. हुक ड्रमवर आदळणारच.

एकदा, फक्त एकदा मी रिकामा हुक वर नेऊन पाहिला असता तर तिथंच कळलं असतं. लिहूनच टाकते हे बी.

फोटो काढायले मोबाइल काढला, तर साहेब मागे. 'मैडम, फोटो-वोटो नहीं. शाम को इंस्पेक्शन है. सब ठीक करके रखो.' मी म्हटलं, साहेब, सुशीलनं हे… 'सुशील का नाम आया तो आपका भी आएगा. चेक तो आपने किया न?'

ठीक करून ठेवलं मी. दोन तारा डब्यात सरळ केल्या, मेनवर फेज बदलले, नवा रोप चढवला. माझ्याच हातानं सगळा पुरावा पुसून टाकला. संध्याकाळी होइस्ट नव्या नवरीसारखा. लिमिट बी कसं झटक्यात थांबवते! इंस्पेक्शनवाल्यांनी तीनदा वर नेऊन पाहिलं, मान हलवली, चहा प्याले.

२३ नोव्हेंबर

शालिकरामचा पाय घोट्यापासून काढला.

२६ नोव्हेंबर

इन्क्वायरी झाली. साहेबाच्या केबिनमध्ये, एसी चालू. सेफ्टी ऑफिसर, साहेब, एक लिहिणारा. मले बसायले खुर्ची. हेमराज उभा.

रजिस्टर समोर. 'यह आपकी लिखावट है?' — हो. 'आपने क्या चेक किया था?' — 'मैंने खाली चेक किया था.' सगळ्यांनी मान डोलावली. 'लोड उठाने को तो नहीं बोला था?' — 'नहीं. मैंने किसी को कुछ नहीं बोला.' खरंच आहे ना! मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. खाली पाहिलं, तेवढंच लिहिलं. त्याच्यावर लोड घ्या असं कुठं लिहिलं होतं?

मग हेमराजकडे वळले. 'रजिस्टर में साफ लिखा था. पढ़ा नहीं?' हेमराज गप्प. 'तेरा साइन है नीचे. पढ़ा कि नहीं पढ़ा?' खालमानेनं उभा. मग म्हणे, 'गलती होगे साहेब.'

गलती होगे! बस? एका माणसाचा पाय गेला, आणि गलती होगे? मले इतका राग आला की तिथंच दोन शब्द सुनावले. 'इतना साफ लिखा था, हेमराज. दो मिनट रुक जाते.' त्यानं माझ्याकडे पाहिलं.

सुशीलचं नाव कोणी घेतलं नाही. मी बी नाही घेतलं.

२९ नोव्हेंबर

हेमराजले काढलं. गेटवर त्याचा फोटो लावला, आत घेऊ नका म्हणून. चोर असल्यासारखा! शेजारच्या शेडवाल्यांनीही त्याले उभं केलं नाही म्हणे, बातमी सगळ्या नंदिनी रोडवर पसरली. आता कोण देणार होइस्ट त्याच्या हातात.

आणि मले? मले आज परमनंटचं लेटर भेटलं! सहा वर्षं जे 'अगले महीने' होतं, ते शालिकरामचा पाय गेला त्याच महिन्यात आलं. 'आपका रजिस्टर बहुत काम आया, मैडम.' मिठाईचा डबाही दिला. घरी आणला, ऐश्वर्यानं उघडला, दोन पेढे खाल्ले. मी डबा बंद करून ठेवला.

बाबा म्हणाले, 'अभिनंदन.' डोळ्याची पट्टी निघाली आहे आता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२ डिसेंबर

आज रिपोर्टाची कॉपी भेटली. सही करून फाइल करायची होती. वाचली, मग पुन्हा वाचली.

'विद्युत अनुरक्षण द्वारा होइस्ट का रिक्त अवस्था में ऊपर-नीचे परीक्षण किया गया, लिमिट स्विच सही पाया गया. ऑपरेटर ने लोड तिरछा खींचा, जिससे रोप टूटा.'

विद्युत अनुरक्षण म्हणजे मी. रिक्त अवस्था? ऊपर-नीचे? मी वर नेलाच नव्हता! लिमिट मी पाहिलंच नव्हतं! हे कोणी घुसवलं? साहेबानं? रागानं लाल होऊन घरी आली. ऐश्वर्या अभ्यास करून राहिली होती, तिच्यासमोर मोबाइलमधला रिपोर्टाचा फोटो धरला. पाह्य, कसे खोटं लिहितात लोक! रिपोर्टाले जोडलेल्या रजिस्टराच्या पानाचा फोटो बी ती पाहून राहिली. म्हणे, 'मम्मी, गलत क्या लिखा है? आपने ही तो लिखा है — खाली चेक किया. खाली मतलब एम्प्टी. बिना लोड के.'

मी म्हटलं, अवं, खाली म्हणजे खाली. नीचे.

'वो मराठी में, मम्मी! रजिस्टर तो हिंदी में है ना.'

अरे बाप्पा! पंधरा वर्षांची पोरगी. मराठी नुसती घरात ऐकते, बोलते हिंदी. तिले एका नजरेत दिसलं, आणि मले सहा वर्षांत दिसलं नाही. मी किती तोऱ्यात असते, माझी हिंदी अशी की कोणाले कळत नाही मी मराठी म्हणून! लिहिताना डोक्यात मराठी, हातातून हिंदी. 'खाली' दोन्हीकडे सारखंच लिहितात, कोणाले काय पत्ता.

म्हणजे हेमराजनं वाचलं असेल — रिकामा चेक केला, ठीक आहे. रिकामा चेक म्हणजे वर-खाली सगळंच आलं त्यात. मग लोड घेणारच ना तो! कोणीही घेतला असता.

आणि मी केबिनमध्ये बसून, एसीत, खुर्चीवर… 'इतना साफ लिखा था, हेमराज.'

३ डिसेंबर

कामावर गेली नाही. पोट दुखते सांगितलं.

६ डिसेंबर

विहारात गेली. पांढरी साडी, बाबाचा हात धरून. पावर हाउस स्टेशनपासून चालतच. पंचशील म्हणताना चौथ्यावर आली आणि आवाजच निघेना. खोटं बोलणार नाही — हे लहानपणापासून झोपेतही म्हणत आली मी. आजूबाजूच्या बायका म्हणून राहिल्या होत्या, मी नुसते ओठ हलवले. बाबांनी ऐकलं असेलच. कान अजून तिखट आहेत त्यांचे.

परतताना एका बाकावर बसले. म्हणाले, 'पाली, प्लान्टमध्ये माझ्याकडून बी एकदा एक फ्यूज चुकीचा लागला होता. कोणाले काही झालं नाही, म्हणून मी बोललो नाही. चाळीस वर्षं झाली.' मग उठले आणि चालायले लागले. बस, एवढंच. उपदेश-बिपदेश काही नाही.

९ डिसेंबर

लेटर लिहिलं. हिंदीत, प्रत्येक शब्द तीनदा तपासून. — मी फक्त हुक उतरवून पाहिला होता. वरचं लिमिट पाहिलं नव्हतं. माझ्या मराठीमुळे 'खाली' लिहिलं, त्याचा अर्थ 'रिक्त' घेतल्या गेला. बटनाच्या डब्यातल्या तारा फिरवलेल्या होत्या, त्या मी इंस्पेक्शनच्या आधी सरळ केल्या. ऑपरेटर हेमराजची काही चूक नाही.

साहेबानं वाचलं. हसू आलं त्याले! 'मराठी में खाली, हिंदी में खाली. इसी चक्कर में नौकरी छोड़ोगी? फाइल बंद हो गई है, मैडम. बेटी दसवीं में है न?' लेटर परत माझ्या हातात. मी म्हटलं, घेत नसाल तर मी दुर्गले जाऊन कारखाना इंस्पेक्टरच्या ऑफिसात देते. चेहराच पडला.

गेली. दिलं. तिथल्या बाबूनं शिक्का मारला, पाहिलं बी नाही वर. इतका हलका शिक्का!

११ डिसेंबर

गेटवर आता माझा बी फोटो लागला. सुशीलनं टांगला, स्टुलावर चढून. एक कोपरा वाकडाच ठेवला, त्याच्या कामासारखा!

मले वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. खरं सांगू? छाती थोडी फुगली. खरं बोलली मी. माझ्या एका शब्दानं जे झालं, ते मी माझ्या दुसऱ्या शब्दानं सरळ केलं. एक मराठी शब्द, हिंदी रजिस्टरात चुकून घुसलेला, बस एवढीच चूक. कोणाच्या बी हातून होते अशी चूक. बाबांनी जेवताना स्वतःहून माझ्या ताटात भाकर वाढली.

रविवारी अहिवाऱ्याले जाते. हेमराजले भेटते. त्याले समजावून सांगते खाली म्हणजे काय ते. लेटरची झेरॉक्स त्याच्याजवळ राहू दे. कुठं काम मागायले गेला तर दाखवेल.

१४ डिसेंबर

हेमराजनं झेरॉक्स हातात घेतली, उलटी धरली.

त्याले वाचता येत नाही. आठवी पासचं सर्टिफिकेट मोठ्या भावाचं. रजिस्टर त्यानं कधी वाचलंच नाही, नुसती सही शिकला आहे. म्हणून इन्क्वायरीत गप्प होता. 'बतातेंव त मोर झूठ पकड़ा जातिस दीदी.'

मग लोड कोणाच्या भरवशावर घेतला रे?

'तोरे ले तो पूछे रेहेंव. लोड उठावंव का? तैं फोन धरे रेहे. मूड़ हलाए रेहेस.'

मलेच विचारलं होतं त्यानं, लोड उचलू का म्हणून. फोनवर मी साहेबाले 'जी सर, जी सर' करून राहिली होती. मान साहेबालेच हलवली होती.